सात नंबर की चौदा नंबर? मुलींची फुटबॉल निवड आणि वाढीचं वय

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेचे क्रीडाशिक्षक विचारतात: सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेसाठी मुलींचा १७ वर्षांखालील संघ काढायचा आहे. मैदानावर बावीस जणी येतात, सोळा निवडायच्या. सातवीतल्या दोघींवर अडलंय. ७ नंबरची उंच, थोराड. गेल्या वर्षी तालुक्यात तिच्याएवढं कुणी पळत नव्हतं. यंदा मात्र मंदावली आहे, लवकर दमते, चिडचिड करते. १४ नंबरची चणीने लहान, धक्का लागला की पडते, पण बॉल पायाला चिकटल्यासारखा खेळते. दोघींच्या जन्मतारखेत महिन्याचा फरक. एक जुने प्रशिक्षक म्हणाले, उंच पोरी घ्या, बारक्या वरच्या स्पर्धांत टिकत नाहीत. तर निवड कशावर करायची: उंचीवर, पळण्याच्या वेळेवर की नजरेवर? सोबत त्यांनी दोघींची जानेवारीतली आणि आत्ताची उंची, आणि आईवडिलांची उंचीही पाठवली आहे. हे फार कमी जण करतात.

सर, दोघींनाही घ्या. उत्तर एवढंच आहे. पण मुख्याध्यापकांना आणि ज्या मुलीचं नाव कापाल तिच्या वडिलांना कारण सांगावं लागेल, म्हणून बाकीचं लिहिते. मिरज-सांगलीत मिळून मी एकवीस वर्षं मुलींना फुटबॉल शिकवते आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही उंच पोरीच घेतल्या. त्याचं काय झालं ते पुढे येईल.

आधी मैदानाचं बोलू. आपल्याकडे तालुका-जिल्ह्याच्या मॅचेस भर पावसाळ्यात होतात. काळी माती, गोलपोस्टसमोर घोट्याएवढा चिखल. बॉल जमिनीवरून दहा फूट सरकत नाही. मग जिची लांब किक बसते आणि जी समोरचीला अंगाने बाजूला सारते, तिचा संघ जिंकतो. तुमच्या १४ नंबरचा गुण म्हणजे बॉल पायाशी ठेवून जागच्या जागी वळणं. तो चिखलात दिसणारच नाही. चिखलातल्या दोन मॅचेस बघून काढलेली यादी म्हणजे कोण वजनदार आहे याची यादी. त्यात सुब्रतोला मुलींचा गट एकच, १७ खालचा. साडेबारा वर्षांच्या पोरीसमोर सोळा वर्षांची, वाढ पूर्ण झालेली मुलगी उभी राहते. तिथे बारकी पडली तर त्यावरून तिच्या खेळाबद्दल काहीच कळत नाही.

आता वाढीचं. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी उसळते. सगळ्यात जोराने वाढण्याचा काळ मुलींत सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांत चौदाव्या. लहानपणी वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढणारी मुलगी त्या वर्षात आठेक सेंटीमीटर वाढते. आधी पाऊल वाढतं (आई म्हणते, बूट घेऊन चार महिने झाले नाहीत तोवर चावायला लागले), मग पाय लांबतात, धड सगळ्यात मागून. हा जोर ओसरायला लागला की साधारण वर्षभरात पाळी येते. त्यानंतर बहुतेकींची उंची पाच-सात सेंटीमीटर वाढून थांबते.

हे सरासरीचं झालं. प्रत्यक्षात एकीला हे सगळं दहाव्या वर्षी सुरू होतं, दुसरीला तेराव्या. आपल्या आज्या पहिलीला उफाड्याची म्हणायच्या, आणि दुसरीकडे बघून ‘हिच्या अंगाला काही लागतच नाही’ म्हणायच्या. दाखल्यावर दोघी एकाच वयाच्या असतात, शरीराच्या हिशेबात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. दोघी निरोगीच.

मुलांमध्ये याचा परिणाम सरळ असतो. लवकर वाढलेला मुलगा उंच होतो, वजन वाढतं, स्नायू भरतात, वेग आणि किक दोन्ही सुधारतात, सगळं एकाच दिशेने. म्हणून मुलांच्या अकादम्यांत लवकर वाढलेल्यांची गर्दी दिसते. मुलांवर हात बसलेले प्रशिक्षक हीच मोजपट्टी मुलींना लावतात आणि फसतात. मुलींत दहा-अकराव्या वर्षी उफाड्याचीला फायदा असतो खरा: पाय लांब, ताकद जास्त. पण बारा-तेरानंतर कंबर रुंदावते, अंगावर चरबीचा वाटा वाढतो, आणि मुलांसारखे स्नायू आपोआप भरत नाहीत. बैल तोच, गाडीत दोन पोती जास्त, अशी गत होते. पळण्याची वेळ सुधारायची थांबते किंवा थोडी मागेही जाते. उडी कमी होते. त्याच वेळी उशिरा वाढणारी पोर अजून हलकी, सडसडीत असते आणि हळूहळू तिच्या बरोबरीला येते. गेल्या वर्षी जिच्या मागे सगळ्या पळायच्या, तिला आता तीन जणी गाठतात. तेरा वर्षांच्या पोरीला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. तिला वाटतं आपलं काहीतरी बिघडलं. आणि आपण काठावर उभे राहून म्हणतो, ‘काय गं, लक्ष कुठाय तुझं?’

माझी चूक इथलीच. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक होती. बाराव्या वर्षी जिल्ह्यात गाजलेली, तेराव्यात जड झाली. मी तिला सहा महिने आळशी म्हणत राहिले. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारताना ती खांदे पुढे झुकवून, दोन्ही हात छातीशी धरून पळायची. मला वाटलं नखरे. बाई असून मला कळलं नाही, की तिला साधी धड बसणारी स्पोर्ट्स ब्रा कुणी घेऊन दिलेली नव्हती. पुढे एका आरोग्य तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. बारा वर्षांच्या पुढच्या मुलीत १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ८.६ वर ती माझ्या फेऱ्या मारत होती. तोवर तिने खेळ सोडला होता. त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या: मोजल्याशिवाय कुणाला आळशी म्हणायचं नाही, आणि तेरा ते पंधरा या वयातल्या मुलीचं नाव पळण्याची वेळ वाढली म्हणून कापायचं नाही.

म्हणून आता मोजण्याविषयी सविस्तर. तुम्ही मोजता, पण कसं मोजता ते लिहिलं नाही. भिंतीला टेप चिकटवा, खालचं टोक फरशीला अगदी टेकलेलं हवं. बूट-मोजे काढून, टाचा भिंतीला, नजर समोर. डोक्यावर पाटी किंवा जाड वही काटकोनात धरा. दरवेळी सकाळीच मोजा, कारण दिवसभरात माणूस सेंटीमीटरभर दबतो. दोनदा मोजा; फरक अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. आणि वेण्या. आपल्या शाळेत दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या असतात, मध्ये भांग असला तरी पाटी रिबिनीवर टेकते. माझ्या जुन्या वहीत एक मुलगी तीन महिन्यांत चार सेंटीमीटर वाढलेली दिसते आणि पुढच्या तीन महिन्यांत दीड सेंटीमीटर बुटकी झालेली. वाढल्या होत्या त्या रिबिनी.

दर तीन महिन्यांनी मोजायचं. त्याहून कमी अंतराने मोजलं तर मोजण्यातली चूकच वाढ म्हणून दिसते.

आता तुमचे आकडे. ७ नंबर साडेबारा वर्षांची, जानेवारीत १५२.८ सेंटीमीटर, आत्ता १५४. पाच महिन्यांत १.२, म्हणजे वर्षाला तीनच्या आत. १४ नंबर १२.४ वर्षांची, १३४.६ वरून १३७. पाच महिन्यांत २.४, म्हणजे वर्षाला पावणेसहा. पहिलीचा जोर कधीच ओसरला आहे, दुसरीचा अजून सुरूच झालेला नाही. तिची वाढ अजून लहानपणच्या चालीने चालली आहे.

आईवडिलांच्या उंचीचा उपयोग असा करतात: दोघांच्या उंचीची बेरीज, त्यातून १३ वजा, भागिले दोन. (मुलगा असेल तर १३ मिळवायचे.) ७ नंबरचे वडील १७२, आई १५६: येतात १५७.५. म्हणजे ती अंदाजे पूर्ण उंचीच्या ९८ टक्क्यांवर आहे. १४ नंबरचे वडील १७३, आई १५८: येतात १५९. ती ८६ टक्क्यांवर आहे. सगळ्यात जोराची वाढ साधारण ९० टक्क्यांच्या आसपास होते. या अंदाजात आठ सेंटीमीटर इकडे-तिकडे होऊ शकतात, शिवाय पालकांनी तोंडी सांगितलेली उंची धरू नका (बाप नेहमी दोन बोटं जास्त सांगतो, पालकसभेला आले की त्याच टेपसमोर उभं करा). पण ढोबळ चित्र बघा. आज दोघींत सतरा सेंटीमीटरचं अंतर आहे. अठराव्या वर्षी दोघी जवळपास सारख्या असतील, कदाचित बारकीच किंचित उंच निघेल. उंचीवर निवड केली तर तुम्ही पाच वर्षांनी शिल्लकच न राहणारा फरक मोजताय.

एक सूत्रही आहे, इंटरनेटवर तुम्हाला भेटेलच. २०१५ साली मूर आणि सहकाऱ्यांनी सोपं करून दिलेलं. मुलींसाठी: वय गुणिले सेंटीमीटरमधली उंची, त्याला ०.००४२२३२ ने गुणा, त्यातून ७.७०९ वजा करा. उत्तर वर्षांत येतं. शून्य म्हणजे वाढीचं शिखर, सगळ्यात जोराच्या वाढीची वेळ, आत्ता, उणे म्हणजे यायचंय, अधिक म्हणजे गेलं. १४ नंबरचं उत्तर उणे ०.५ येतं, शिखर सहा महिन्यांवर. ७ नंबरचं अधिक ०.४, म्हणजे पाच महिन्यांपूर्वी गेलं. आता हे टेपशी ताडून बघा. पाच महिन्यांपूर्वी शिखर गेलेली मुलगी त्या पाच महिन्यांत फक्त १.२ सेंटीमीटर वाढेल का? माझा अंदाज, तिचं शिखर वर्ष-दीड वर्षापूर्वीच येऊन गेलं. सूत्राची खोड अशी की ते सगळ्यांना सरासरीकडे ओढतं, म्हणजे नेमक्या लवकरच्या आणि उशिराच्या मुलींना, ज्यांच्यासाठी ते हवं असतं, त्यांना चुकतं. मी ते वहीत लिहून ठेवते, पण निर्णय टेपवर घेते.

इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, मुलींचा तक्ता छापून घ्या. १४ नंबरची उंची सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली गेली किंवा रेषा सोडून घसरत चालली, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. नुसतं उशिरा वाढणं हा आजार नाही, आणि टॉनिकच्या बाटल्या तर मुळीच नकोत.

पाळीचा प्रश्न येणारच. तुम्ही स्वतः विचारू नका सर, वाईट वाटून घेऊ नका. शाळेतल्या एखाद्या मॅडमना या कामात घ्या. मॅडम आणि मुलगी यांच्यात एक छोटी वही, त्यात तारखा. तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे की या मुलीची सुरू झाली आहे की नाही. किटबॅगेत पॅडचं एक पाकीट कायम, आणि कुणी काढलं हे विचारायचं नाही. शॉर्ट्स गडद रंगाच्या घ्या. इंग्लंडच्या महिला संघानेही २०२३ मध्ये पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या, ते याच कारणाने. आमच्याकडे हा बदल त्याच्या कितीतरी आधी झाला, एका आईच्या सांगण्यावरून. घरातून ‘आता शहाणी झाली, बास झालं पळणं’ असं येतं तेव्हा वडिलांशी वाद घालून उपयोग नसतो. आजीला मॅच बघायला बोलवा. शॉर्ट्सखाली लेगिंग चालते, एवढं सांगितल्यावर माझ्या अर्ध्या अडचणी संपल्या आहेत.

पंधरा पूर्ण झाली तरी पाळी आली नाही, किंवा येत असलेली तीन महिने बंद झाली, तर डॉक्टर. विशेषतः जी मुलगी खूप सराव करते आणि कमी खाते तिची. चहा-बिस्किटावर सकाळचा सराव आणि दुपारी डब्यात दोन घास, हे आपल्याकडे सर्रास आहे. शरीराला पुरेसं मिळालं नाही की ते पहिल्यांदा पाळी आणि हाडं यांच्यावरच काटकसर करतं.

रक्ताचंही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. तुमच्या सोळा जणींत नऊ-दहा असल्या तर नवल नाही. ७ नंबर ‘लवकर दमते’ असं तुम्ही लिहिलंय, तिचं हिमोग्लोबिन या आठवड्यातच तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोहाची, पोरी मळमळतं म्हणून फेकून देतात. जेवणानंतर तुमच्यासमोर घ्यायला लावा, आणि तिच्या मागेपुढे तासभर चहा नको. शेंगदाणे, गूळ, भिजवलेले हरभरे, जमेल त्या घरात अंडं, पालेभाजीवर लिंबू पिळून. यात खर्चाचं फार काही नाही.

गुडघ्यांचं मात्र ढिलाईने घेऊ नका. याच वयात मुलींचे गुडघे धोक्यात येतात. फुटबॉलमध्ये गुडघ्यातला एसीएल, म्हणजे सांधा धरून ठेवणारा आतला पट्टा, तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दोन-तीन पट असतो आणि तो वाढीच्या उसळीनंतर चढत जातो. पाय लांबलेले, वजन वाढलेलं, मांडीच्या मागच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंत तेवढी ताकद आलेली नाही. एक साधी परीक्षा करा: वर्गातल्या बाकाएवढ्या उंचीवरून दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रीकरण करा. टेकताना गुडघे एकमेकांकडे आत वळले तर त्या मुलीवर काम करायचं आहे. फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप फुकट मिळतो. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. वीस मिनिटं फार वाटत असतील तर ते मैदानाला फेऱ्या मारण्याच्या बदल्यात करा. शिवाय बैठका. आपण कुस्तीच्या मुलखातले, बैठका कुणाला शिकवाव्या लागत नाहीत, फक्त तालमीसारख्या शेकड्याने नकोत. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, हळू खाली, जोरात वर. ७ नंबरचा वेग परत आणायचा रस्ता हाच आहे. ताकद वाढली की गाडीतली ती दोन पोती जाणवत नाहीत. वर्ष लागेल, कदाचित दीड.

१४ नंबरला पुढच्या वर्षभरात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखेल, बहुधा तिची उंची झपाट्याने वाढत असताना. तिथे हाड अजून कोवळं असतं आणि स्नायू ओढत असतो. उड्या आणि लांब किका काही आठवडे कमी करा, खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही. ती थोडी वेंधळीही होईल, चिकटणारा बॉल सुटायला लागेल. तेव्हा माझ्यासारखं ‘लक्ष कुठाय’ म्हणू नका.

आता निवड चाचणी. क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे सरकारी क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या, धर्तीवर सगळेच ३० मीटर, ८०० मीटर, उभी उडी, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक घेतात. घ्या, वहीत लिहा, पण मुलीची तुलना तिच्या स्वतःच्या मागच्या नोंदीशी करा. वेगवेगळ्या टप्प्यावरच्या मुलींना एका रांगेत लावलं तर मेडिसिन बॉल कोण आधी वाढली एवढंच सांगतो.

मी चार दिवस घेते. कोरडी जागा शोधायची. पाऊस असेल तर बास्केटबॉलचं काँक्रीट मैदान किंवा सभागृहसुद्धा चालतं. चार विरुद्ध चार, वीस बाय तीस मीटर, छोटे गोल, गोलकीपर नाही. पहिल्या दिवशी सगळ्या मिसळून. दुसऱ्या दिवशी पूर्ण उंचीच्या त्या टक्क्यांच्या हिशेबाने गट: नव्वदच्या खालच्या एकत्र, पंच्याण्णवच्या वरच्या एकत्र, मधल्या मधल्यांशी. वयाऐवजी वाढीनुसार गट करण्याची ही पद्धत इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादम्या मुलांसाठी वापरतात. लोकांना वाटतं ती बारक्यांच्या सोयीसाठी आहे. मला तिचा खरा उपयोग थोराड मुलींसाठी वाटतो. ७ नंबरने आजवर बॉल पुढे ढकलायचा आणि पळून गाठायचा, एवढंच केलंय, कारण तेवढं पुरत होतं. तिला तिच्याच अंगाच्या तीन मुलींसमोर उभं करा. पळून सुटता येत नाही हे कळल्यावर ती काय करते? पास देते? वळते? थांबून बघते? तिसऱ्या दिवशी पुन्हा मिसळा. चौथ्या दिवशी एक नवी गोष्ट शिकवा, उदाहरणार्थ डाव्या पायाने पहिला स्पर्श, आणि तासाभराने मॅचमध्ये कोण ती करून बघते ते पाहा. जमलं नाही तरी चालेल, करून बघितली का ते लिहा.

मी वहीत मुख्यतः दोनच खुणा करते. बॉल येण्याआधी मुलीने मान वळवून मागे पाहिलं की एक रेघ. बॉल गमावल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत ती त्यामागे गेली की दुसरी रेघ. दहा मिनिटांत कुणाच्या सात रेघा होतात, कुणाची एकही नाही. उंची, वजन, पाळी कशावरही या रेघा ठरत नाहीत. १४ नंबरच्या पहिल्या रकान्यात बऱ्याच रेघा येतील, कारण मागे न बघता तिचं चालतच नाही, तुडवली जाईल.

जन्मतारखेबद्दल एक. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, त्यामुळे जानेवारीतल्या मुलीला डिसेंबरातलीपेक्षा वर्षाचा फायदा. मुलांच्या संघांत हे ठळक दिसतं, मुलींच्या कमी, कारण मुली मुळात कमी खेळतात. बावीसमधून सोळा ही निवड तरी किती चुरशीची? आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे १ जून. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या घरातल्या मुलांच्या दाखल्यावर आजही अधूनमधून ही तारीख सापडते. तिथे टेप दाखल्यापेक्षा जास्त खरं बोलतो. उलट ७ नंबरचा मूळ जन्मदाखला जपून ठेवायला सांगा. पुढे वय पडताळणीसाठी मनगटाचा एक्स-रे निघाला तर उफाड्याच्या मुलीचं हाडांचं वय खऱ्या वयाच्या पुढे दिसतं, आणि काही न करता पोर खोटी ठरते.

राहिला तो उंचीचा सल्ला. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, आपण अमेरिकेकडून ०-८ हरलो, तेव्हापासून ‘उंच पोरी शोधा’ हे जास्त ऐकू येतं. तो विश्वचषक नवी मुंबईत कोलंबियाला १-० हरवून नेला स्पेनने. स्पेनचीच ऐताना बोनमाती, सलग तीन वर्षं, २०२३ ते २०२५, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर मिळवणारी, १६२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या दोघींच्या अंदाजापेक्षा फार वर नाही. आणि लवकर ठरवून टाकायची घाई असेल तर शेजारच्या जिल्ह्यात बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन पळत होती, २०१४ मध्ये पंचविशीत स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) वळली, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिला बाराव्या वर्षी कोणत्या यादीत बसवलं असतं?

तर तुमची यादी. चौदा जणी जुलैच्या चिखलासाठी निवडा, मोठ्या, दणकट, तुम्हाला जिंकायचंही आहे, त्यात गैर काही नाही. उरलेल्या दोन जागांवर या दोघी. ७ नंबरला यंदा पुढे खेळवू नका. मागे, बचावात ठेवा, तिथे तिला समोरचं सगळं दिसेल आणि धावून गाठायची सक्ती कमी. तिला आणि तिच्या आईला मॅडमसमोर बसवून सरळ सांगा की वेग कमी झाला यात तिचा दोष नाही, तो परत येतो. १४ नंबरला मैदान त्यातल्या त्यात कोरडं असेल त्या मॅचला शेवटची दहा मिनिटं द्या, आणि वर्षभर तुमच्या सातवी-आठवीच्या मुलांबरोबर चार-चारमध्ये खेळवा. उरलेल्या सहा जणींना घरी पाठवू नका, सरावाला येऊ द्या. त्यांच्यातल्याही दोघी-तिघी बहुधा नुसत्या उशिरा वाढणाऱ्या आहेत.

सप्टेंबरअखेर पुन्हा मोजा आणि १४ नंबरचा आकडा मला कळवा. १३९ च्या पुढे गेला तर तिची उसळी सुरू झाली असं धरू. मोजताना तेवढ्या वेण्या सोडायला सांगा.